दारूकोठार आधी कोरडे करा, मग त्याचा इतिहास सांगा

आपला प्रश्न मला समजला तो असा. खानदेशातल्या तालुक्याच्या गावी, जुन्या कचेरीच्या मागे काळ्या दगडाची एक बैठी, बिनखिडक्यांची इमारत आहे. भिंती जवळपास चार फूट जाड, वर कमानीचे छत, भिंतीत हाताचा पंजा जाईल एवढ्या उभ्या फटी आणि आत वटवाघळांची वस्ती. गावात कोणी तिला शिवाजी महाराजांचा दारूखाना म्हणतात, कोणी होळकरांचे शस्त्रागार म्हणतात, तर निवृत्त पोलीस मंडळी नुसतीच ‘कोत’ म्हणतात. नगरपालिकेने सुशोभीकरणासाठी निधी मंजूर केला असून अंदाजपत्रकात सिमेंटने दरजा (दगडांमधले सांधे) भरणे, आतून गिलावा, भोवती पेव्हर ब्लॉक, दर्शनी रोषणाई आणि शेवटी आत शस्त्रांचे संग्रहालय एवढी कामे आहेत. इमारतीचा खरा इतिहास कसा शोधावा, ती संरक्षित व्हावी म्हणून अर्ज कोठे करावा आणि ही दुरुस्ती योग्य आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी गेली सत्तावीस वर्षे जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो आणि त्यांतली बरीचशी तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यातली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की आपले तीन प्रश्न मुळात एकच आहेत. दारूचे, म्हणजे बंदुकीच्या दारूचे, कोठार ही एका हेतूसाठी बांधलेली इमारत असते: आतला माल कोरडा राहावा आणि ठिणगीपासून लांब राहावा. तो हेतू ज्या ज्या युक्तीने साधला आहे, तीच तिच्या काळाची साक्ष असते आणि तीच तिच्या दुरुस्तीची दिशा असते. मंजूर झालेले अंदाजपत्रक नेमक्या त्याच युक्त्या बुजवणारे आहे, म्हणून दुरुस्तीचा प्रश्न मी आधी घेणार आहे. इमारत प्रत्यक्ष न पाहता काही गोष्टी ठामपणे सांगता येत नाहीत. पाया मुरुमावर आहे की काळ्या मातीवर, छताची कमान दगडाची आहे की विटेची, जागा कोणाच्या नावावर आहे, यांवर बरेच अवलंबून आहे. जेथे तसे आहे तेथे मी तसे म्हणेन.

पहिल्याने कोत आणि दारूकोठार यांतला फरक लक्षात घ्या, कारण गावात दोन्ही शब्द एकाच इमारतीला लावलेले दिसतात. कोत म्हणजे बंदुका ठेवण्याची जागा. ती पहाऱ्याच्या नजरेखाली, कचेरीच्या किंवा खजिन्याच्या शेजारी असते. तिला गजांच्या खिडक्या चालतात, आत बंदुका उभ्या करण्याच्या लाकडी घोड्या असतात आणि दारापुढे शिपायाला उभे राहण्यापुरती ओसरी असते. दारूकोठार मात्र वस्तीपासून दूर, स्वतःच्या आवारभिंतीत, खिडक्यांशिवाय आणि जाड भिंतींचे असते. मराठी दप्तरांत सिलेखाना (शस्त्रांचा) आणि दारूखाना (दारूचा) असे दोन वेगळे शब्द येतात ते याचसाठी. आपण सांगितलेल्या खुणांवरून आपली इमारत मूळची दारूकोठार असावी आणि पुढे पोलिसांनी तिचा कोत म्हणून उपयोग केला असावा, असा माझा अंदाज आहे. ती आज भरवस्तीत आहे म्हणून या अंदाजाला बाध येत नाही. आज बाजारपेठेत असलेली जागा दीडशे वर्षांपूर्वी वेशीबाहेरचे माळरान असू शकते, आणि नगर भूमापनाचा जुना नकाशा ते पाच मिनिटांत दाखवतो.

दारू वस्तीपासून दूर का ठेवत, हे खानदेशाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी मालेगावच्या भुईकोटाला वेढा घातला (मालेगाव तेव्हा खानदेशात मोडत असे), तेव्हा जून महिन्यात गोळ्यांच्या माऱ्याने किल्ल्यातला दारूचा साठा उडाला आणि पूर्वेकडच्या तटाचा भाग खंदकात कोसळला. पाठोपाठ किल्ला लढवणाऱ्या अरब शिपायांनी तो खाली केला. पुढच्याच वर्षी, मार्च १८१९ मध्ये, अशीरगडाच्या वेढ्यात इंग्रजांच्या स्वतःच्या मोर्च्यामागची दारू चुकून पेटली आणि त्यांचे तीसहून अधिक शिपाई जागीच गेले. वर्षभराच्या आत झालेले हे दोन स्फोट ज्यांनी पाहिले, त्याच पिढीतल्या लोकांनी खानदेशात पुढची सरकारी कोठारे बांधली.

बंदुकीच्या दारूत साधारणपणे पंचाहत्तर भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार), पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असते. सोरा, विशेषतः नीट शुद्ध न केलेला सोरा, हवेतला ओलावा ओढतो आणि ओली दारू पेटत नाही. म्हणून कोठाराला हवा हवीच, पण हवेबरोबर ठिणगी यायला नको. यावर बांधणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वळणाचा झरोका. भिंतीच्या बाहेरच्या अंगाची फट सरळ आत जात नाही. भिंतीच्या पोटात तिच्या वाटेत दगडाचा ठोकळा येतो, हवा त्याला वळसा घालून दोन बाजूंनी आत शिरते आणि ठिणगी मात्र ठोकळ्यावर आपटून विझते. जमिनीलाही असाच विचार असतो: लाकडी फळ्यांची जमीन मातीपासून वर उचललेली आणि तिच्याखाली हवा खेळण्यापुरती पोकळी. दाराच्या बिजागऱ्या, कड्या आणि खिळे लोखंडाचे नसून तांब्यापितळेचे किंवा थेट लाकडी खुंट्यांचे, कारण लोखंड दगडावर घासले की ठिणगी पडते. वरणगावची आयुध निर्माणी १९६४ ची आणि भुसावळची १९४९ ची. या कारखान्यांतून निवृत्त झालेला कोणी आपल्या गावात असेल तर त्याला आवर्जून इमारत दाखवायला न्या. पितळी बिजागरी पाहून ती तशी का, हे त्याला सांगावे लागत नाही.

या झरोक्यांबाबत मी स्वतः एक चूक केली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचा सल्ला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी अशाच एका इमारतीचे काम करत होतो. फटीत मी वेताची काठी घातली, ती वीतभर जाऊन अडली, आणि मी टिपणात ‘आंधळे कोनाडे’ असे लिहून मोकळा झालो. वटवाघळांची तक्रार होतीच. सगळ्या फटी विटेने बंद करून टाकल्या. दोन पावसाळ्यांत आतला गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत सुटला. आम्ही छताला दोष दिला, वरचा कोबा उखडून नव्याने केला, संस्थेचा खर्च वाढवला, आणि तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा पुन्हा सुटला. शेवटी आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने एका फटीतली वीट काढली, उदबत्ती पेटवून तिच्यापाशी धरली आणि काही न बोलता बाजूला झाला. धूर सरळ वर जाण्याऐवजी आडवा झाला, फटीत शिरला आणि डाव्या अंगाला वळला. “साहेब, भिंत श्वास घेतेय,” एवढेच तो म्हणाला. त्या दिवसापासून काठीवर विश्वास ठेवायचे मी सोडले.

आता भिंतीतल्या ओलीकडे वळू, कारण अंदाजपत्रकातली सगळ्यात महागाची चूक तेथे आहे. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो इतका घट्ट असतो की भिंतीतले पाणी दगडातून फारसे बाहेर पडत नाही, ते चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. दरजा म्हणजे या भिंतीची घामाची छिद्रे आहेत. त्या सिमेंटने भरल्या की बाहेरची वाट बंद होते, पाणी आतल्या अंगाकडे वळते आणि आतला गिलावा फुगतो. मग त्यावर जलरोधक रंग लावला जातो आणि पाणी आणखी वर चढते. सिमेंट दगडाला घट्ट धरते, म्हणून पुढे कधी ते काढायचे ठरले तर छिन्नीबरोबर दगडाच्या कडाही निघतात. चुन्याची दरज भिंतीपेक्षा मऊ असते, आधी ती झिजते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती पुन्हा भरता येते. हा तिचा दोष नाही, तिचे काम तेच आहे.

पेव्हर ब्लॉकचेही तसेच. इमारतीला लागून चारी बाजूंनी जमीन झाकली की जमिनीतून उडून जाणारी ओल उडत नाही, ती सरकत सरकत जोत्यात शिरते. बहुतेक गावांत दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो आणि बाहेरची जमीन वीत-दीड वीत वर येते, त्यामुळे जोते आधीच पुरलेले असते. आपण एका कोपऱ्यात हातभर खणून पाहा; जोत्याची घडीव कड खाली सापडली तर मूळ जमीन किती खाली होती ते कळेल. सुशोभीकरणाचा निधी खर्च करायचाच असेल तर तो बाहेरची माती मूळ पातळीपर्यंत उतरवण्यात आणि पाणी इमारतीपासून लांब नेणाऱ्या उघड्या चरात खर्च करावा. दिसायला हे काम काहीच नाही, आणि उद्घाटनाची फीत कापायला तेथे जागाही नसते, ही अडचण मला ठाऊक आहे.

येथे पायाचा मुद्दा येतो. पाया मुरुमावर असेल तर वरचे काम बेलाशक करा. तो काळ्या मातीवर असेल तर चर कोठे आणि किती खोल हे जपून ठरवावे लागते, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात भेगाळते, आणि पायालगत अचानक ओल किंवा अचानक कोरड झाली की भिंत हलते. भिंतीला तडे असतील तर प्रत्येक तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी आडवी चिकटवा, त्यावर तारीख लिहा आणि एक पूर्ण वर्ष पाहा. काच मेमध्ये फुटली की ऑगस्टमध्ये, यावरून रोगाचे नाव कळते. काच फुटलीच नाही तर तो तडा जुना आणि मेलेला आहे. त्याला चुन्याने भरून सोडून द्यावे.

ओलीचे एक कारण असे आहे की जे फक्त दारूकोठारातच नीट समजते. आपण लिहिले आहे की छत गळत नाही, तरी श्रावणात भिंतींना पाझर सुटतो आणि उन्हाळ्यात त्याच भिंतींवर पांढरी बुरशी येते. ती बुरशी नसावी. तो लोणा आहे. सोऱ्यासारखे क्षार भिंतीत मुरलेले असले की पावसाळी हवेतला ओलावा ते स्वतः ओढून घेतात आणि वरून थेंबही न पडता भिंत ओली होते. खानदेशात मे महिन्यात हवा कमालीची कोरडी असते, तेव्हा तेच क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि गिलाव्याचा पापुद्रा उचकटतात. दर वर्षी एक ओढ आणि एक फुगवटा. याची परीक्षा सोपी आहे: फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला पट्टीने घट्ट चिकटवा आणि चार दिवसांनी पाहा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले असतील तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर ती हवेतली आहे. हीच परीक्षा एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात करा. मात्र सोरा सापडला म्हणून ‘हा दारूखानाच’ असे जाहीर करू नका. सोरा जनावरांच्या मूत्रातून आणि वटवाघळांच्या विष्ठेतूनही तयार होतो, आणि आपल्याकडे वटवाघळे आहेतच.

लोण्यावर गिलावा हा उपाय नाही. सुटलेला गिलावा खरवडून काढावा, भिंत कोरडी असताना कुंच्याने झाडावी (धुऊ नये, धुतले की क्षार पुन्हा आत जातात), आणि मग कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून त्याचा बोटभर जाड लेप भिंतीवर द्यावा. लेप वाळताना क्षार आपल्यात ओढतो. वाळला की काढून टाकावा आणि पुन्हा द्यावा. दोन-तीन लेपांनंतर भिंतीला चुन्याचा पातळ थर द्यावा आणि तो दहा वर्षांनी खराब होणार हे गृहीत धरावे.

चुन्याबद्दल ठेकेदार आपल्याला सांगेल की ‘चुना आता मिळत नाही’. मिळतो. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आणून हौदात भिजवावी, किमान महिनाभर पाण्याखाली ठेवावी, आणि मगच वाळू किंवा विटेची सुर्खी मिसळून घाण्यात मळावी. गूळ, बेलफळ, हिरडा यांच्या पाककृती गवंडी सांगतील. त्यांत तथ्य आहे, पण भिजवण्यात कुचराई केली तर कोणताही काढा चुन्याला वाचवत नाही. प्रमाण मात्र मी येथून सांगणार नाही. जुन्या दरजेचा तुकडा सौम्य आम्लात टाकून चुना विरघळवतात आणि खाली उरलेल्या वाळूवरून मूळ प्रमाण काढतात. आपल्या भागात येथे एक फसगत होते: नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात, तेही आम्लात विरघळतात आणि चुना होता त्यापेक्षा जास्त भासतो. म्हणून तुकडा आधी भिंगाखाली पाहावा.

एवढ्याचा मतलब असा की दरजा चुन्याने, झरोके उघडे, जमीन उघडी आणि भिंत स्वतःच्या गतीने कोरडी. पिंपळाची रोपे उगवली असतील तर ती उपटू नका, मुळांबरोबर दगड निघतो. बुंधा छाटून मूळ मरू द्या आणि पोकळी चुन्याने भरा. वटवाघळे पिल्ले नसलेल्या दिवसांत, तीही संध्याकाळी बाहेर पडल्यावर, हवा अडणार नाही अशा जाड विणीच्या तांब्याच्या जाळीने थोपवावीत.

आता इतिहास. आपण ‘खरा इतिहास’ असा शब्द वापरला आहे, तेव्हा गावातल्या समजुतींना तपासणीच्या ओट्यावर आणणे भाग आहे. तापीकाठचा सखल खानदेश १६०१ च्या आरंभी अशीरगड पडल्यावर अकबराच्या राज्यात गेला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे मोगली सुभा म्हणून राहिला. महाराजांच्या काळात मराठी फौजा या भागात स्वाऱ्या करून गेल्या, संभाजी महाराजांच्या राज्यारोहणानंतर १६८१ मध्ये बुऱ्हाणपुरावरही स्वारी झाली. पण स्वारी वेगळी आणि दगडी कोठार बांधून दारू साठवण्याइतके स्थिर ठाणे वेगळे. खानदेशचा मोठा भाग मराठ्यांकडे आला तो १७५२ च्या भालकीच्या तहाने. म्हणून आपले कोठार मराठा काळातले निघालेच, तर ते बहुधा त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांतले निघेल. पारोळ्याचा किल्ला १७२७ चा म्हणून नोंदलेला आहे आणि त्या काळच्या खानदेशी बांधकामाशी दगडाची घडाई, कमानीचा आकार आणि विटेची जाडी ताडून पाहायला तो जवळचा नमुना आहे.

दुसरी आणि मला जास्त संभवनीय वाटणारी शक्यता इंग्रजी अमलाची आहे. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्यालय केले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने खानदेश भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावला होते. ज्या भिल्लांच्या हाती तोवर धनुष्यबाण होते, त्यांतल्याच काहींच्या हाती सरकारने बंदुका दिल्या आणि त्या बंदुकांना दारू आणि दारूला कोरडी जागा लागली. सातपुड्याच्या पायथ्याशी ११ एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई झाली, तेव्हा खाज्या नाईक आणि भीमा नाईक या बंडखोर भिल्ल पुढाऱ्यांच्या लोकांसमोर सरकारी फौज याच प्रदेशातून गेली होती. अशा ठाण्यांच्या आणि पलटणींच्या हिशेबात आपल्या गावाचे नाव येते का, हे पाहणे हाच शोधाचा राजमार्ग आहे. आपल्या गावच्या लोकांनी त्या इमारतीचा इतिहास महाराजांच्या नावाशी जोडला यात मला गैर काही दिसत नाही, पण भिल्ल शिपायांचा इतिहास कमी अभिमानाचा नाही, आणि तो सांगणाऱ्या वास्तू फारच थोड्या उरल्या आहेत.

कागद शोधताना मी नेहमी खालून वर जातो. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही मागा. त्या नोंदवहीत ‘कोणाच्या कबजात, कशासाठी’ असा रकाना असतो आणि कित्येकदा एका शब्दात सगळा वाद मिटतो. नंतर सार्वजनिक बांधकाम विभागाची इमारत नोंदवही. मग १८८० चा खानदेशचा गॅझेटियर, ज्यात गावागणिक माहिती आहे, आणि त्यातल्या तळटिपांत १८६२ साली सरकारने करवलेल्या किल्ल्यांच्या यादीचा आधार वारंवार येतो. आपल्या गावी गढी असेल तर तेथे दोन ओळी सापडण्याचा संभव आहे. पुढे मुंबईचे राज्य अभिलेखागार आणि पुण्याचे पेशवे दप्तर. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे; तेथे मोडी वाचणारी माणसे भेटतात आणि जुनी शस्त्रेही पाहायला मिळतात, म्हणून पुण्यामुंबईच्या आधी तेथे जा.

इमारत स्वतःही तारखा सांगते. छताच्या एखाद्या पडवीवर मंगळूरी कौले असतील तर ती पडवी १८६५ च्या आधीची असू शकत नाही, कारण ती कौले मंगळूरच्या कारखान्यात तेव्हापासून बनू लागली. लोखंडी तुळईवर कारखान्याचे नाव उमटवलेले असले तर ती रेल्वे भुसावळला आल्यानंतरची समजा. मराठा आणि मोगल काळातली वीट पातळ आणि पसरट असते. नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड वीट दिसली की इंग्रजी मापाचा संशय घ्यावा. एखादी खूण नंतरच्या दुरुस्तीतलीही असू शकते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन खुणा एका काळाकडे बोट दाखवत असतील तरच लिहा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. जागा कोणाची हे कळल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही. महसूल, गृह, बांधकाम, नगरपालिका किंवा संरक्षण खाते, प्रत्येकाची वाट वेगळी. राज्य संरक्षित स्मारकासाठीचा प्रस्ताव पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जातो आणि आपल्या भागासाठी त्यांचे कार्यालय नाशिकला आहे. अधिसूचना निघायला वर्षे लागतात, तोवर नगरपालिकेच्या विकास आराखड्यात वारसा यादीत ही इमारत घालण्याची लेखी मागणी करा. ते तुलनेने लवकर होते आणि त्यामुळे निविदेचा मसुदा बदलायला आधार मिळतो. शेजारी पोलिसांची चालू कोत असेल तर परवानगीशिवाय एकही छायाचित्र काढू नका.

साफसफाईत काडतुसे, गोळे किंवा जुनी बंदूक सापडली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, बॉम्बशोधक पथक येऊ द्या. दारू ओली झाली म्हणजे मेली असे नाही. वाळली की ती पुन्हा पेटते. दारापुढे तोफ पडलेली असेल तर तिच्या नळीत काय आहे हे कळेपर्यंत तीही भरलेलीच समजावी, आणि तिला चंदेरी रंग तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. शंभर वर्षांवरील वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो आणि शस्त्र असेल तर १९५९ चा शस्त्र कायदाही विचारात घ्यावा लागतो. ‘गावाची वस्तू’ म्हणून कोणाच्या घरी नेऊन ठेवणे हा चांगल्या हेतूने केलेला गुन्हा ठरतो.

संग्रहालयाबद्दल माझे मत आपल्याला आवडणार नाही. या इमारतीत तलवारी आणि बंदुका ठेवू नयेत. लोखंडाला कोरडी हवा लागते आणि क्षार मुरलेल्या भिंतींच्या आत पावसाळ्यात ती मिळणार नाही. काचेच्या पेट्या आणि वातानुकूलन आणले की झरोके पुन्हा बंद होतील आणि आपण माझीच जुनी चूक करू. शस्त्रे जवळच्या एखाद्या कोरड्या शाळागृहात किंवा वाचनालयात मांडा. कोठारात इमारतच दाखवा: उघडा झरोका, उचललेली जमीन, पितळी बिजागरी आणि भिंतीवर सोऱ्या-कोळशा-गंधकाचे प्रमाण लिहिलेला एक फलक. शाळेची मुले तेथे दहा मिनिटे थांबतील आणि बाहेर पडताना दार का इतके जाड, असे विचारतील.

निविदा निघायला अजून अवकाश आहे असे आपण म्हणता, आणि मृग लागायला सहा-सात आठवडे आहेत. त्या अवधीत फक्त तीन गोष्टी करा: छतावरची पन्हाळ मोकळी करा, पावसाचे पाणी भिंतीपासून लांब पडेल असा तात्पुरता चर काढा, आणि प्रत्येक फटीला क्रमांक देऊन तिच्यापाशी उदबत्ती धरा. धूर आत गेला, बाहेर आला की तसाच उभा राहिला, ते तारीख आणि वेळेसह वहीत लिहा. सकाळी एकदा आणि उन्ह तापल्यावर एकदा. ज्या फटीत धूर हलणार नाही ती कोणीतरी आतून बुजवलेली आहे असे समजा आणि गवंड्याला तेथूनच सुरुवात करायला सांगा.